पावडरच्या डब्यातल्या लाल गोळ्या

४ नोव्हेंबर १९९७, मंगळवार

नर्सबाईंनी लिहायला लावलं म्हणून लिहितेय. म्हणाल्या, "बारावी झालीस ना नंदा, मग रोज गोळी घेतली की तारीख टाकत जा. काय त्रास होतो तेही लिही." वही शोधताना ही डायरी हाती लागली. आमचे मालक जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत आहेत, शनिवारी गावी येतात, त्यांना मिळालेली. दहा महिने कोरीच होती. प्रत्येक पानाखाली कपाशीवर कोणता रोग कधी पडतो ते छापलंय. बाईमाणसावर काय काय पडतं ते आता मी लिहिणार.

पाचवा महिना लागला. लाल गोळी रोज एक, जेवण झाल्यावर, पाण्याबरोबर. चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही. शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही. सकाळी उठायच्या आधी पडल्या पडल्या कोरडी भाकरी चावायची, म्हणजे मळमळ कमी होते. नर्सबाई हे सांगत होत्या तेव्हा माझ्या जाऊबाई, उषाबाई, दाराआड कापूस निवडत बसल्या होत्या. तिथूनच विचारलं, "कोरडीच खायची का, चटणी लावली तर चालंल?" नर्सबाई म्हणाल्या, तुम्हाला कशाला हवंय? तर म्हणे, "हिला करून द्यायची मलाच लागती."

आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, गोळ्या पसंत नाहीत. लाल गोळीनं लेकरू काळं होतं आणि पोटात इतकं वाढतं की अडून बसतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी गोळ्या पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या.

मला या घरातून एकच गोष्ट हवी आहे. सातव्यात माहेरी जायचं. आमच्याकडे आठव्यात लेक नेत नाहीत आणि नवव्यात गाडीत बसवत नाहीत, म्हणजे सातवा हुकला की गेलं बाळंतपण सासरी. माझं माहेर राजूरच्या अंगाला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. लग्नाला दीड वर्ष झालं, तीनदा गेले. आत्याबाई अजून हो म्हणालेल्या नाहीत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गोळी घेतली. दोनदा उलटी.

उषाबाई आज बाहेर बसल्या. या घरात अजून हे सगळं पाळतात. कावळा शिवला की चार दिवस गोठ्याच्या पडवीत राहायचं, ताटली वेगळी, तांब्या वेगळा, कुणी शिवायचं नाही. म्हणजे चार दिवस त्यांना आराम आणि गड्यांसकट नऊ माणसांच्या भाकरी माझ्या गळ्यात. ऐन कापूस वेचणीत. चुलीच्या धुरानं आतडी वर येतात. त्या तिकडे घोंगडीवर आडव्या पडून बैलांशी गप्पा मारतात. मला तर आता नऊ महिने ही सुट्टी पण नाही.

खरं तर वाईट बोलू नये. बाईला तीन मुलीच. उन्हाळ्यात चौथ्यांदा दिवस गेले तेव्हा भासऱ्यांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, आणि आत्याबाईंनी त्यांना जालन्याला नेऊन मशिनीत दाखवलं. ती पण मुलगीच निघाली. दोन दिवसांनी गावातल्या कचरूच्या जीपमधून आणून बाजेवर टाकलं. घरात सगळे "पडलं" म्हणतात, मीही तेच म्हणते. नव्या सुनेनं जास्त विचारू नये.

२० नोव्हेंबर, गुरुवार

छातीत जळजळ. नर्सबाईंनी सांगितलंय, एकदम पोटभर खायचं नाही, थोडं थोडं चार वेळा, आणि जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. पण थोडं थोडं चार वेळा कोण वाढतंय? आत्याबाई एकदाच वाढतात आणि ताटाकडे बघत बसतात.

उषाबाईंना हल्ली चिंचेचं वेड लागलंय. कमरेला पुरचुंडी असते. मी म्हटलं, डोहाळे मला आणि चिंच तुम्ही खाता. त्या हसल्या नाहीत. "पित्त झालंय मला," म्हणाल्या, आणि सगळी पुरचुंडीच माझ्या हातात दिली.

२ डिसेंबर, मंगळवार

नर्सबाई आल्या. माझं रक्त आठ. आता रोज दोन गोळ्या. मागच्या वेळी तीस दिल्या होत्या, त्या चोवीस तारखेलाच संपल्या. नर्सबाई रागावल्या, "जास्त घेतल्यास काय गं? औषध आहे ते, शेंगदाणे नाहीत." मी एकही जास्त घेतलेली नाही, या डायरीत रोजची तारीख आहे. डबा मुलींनी उघडला असेल. लाल रंग बघून लिमलेटच्या गोळ्या वाटल्या असतील.

उषाबाईंना दम भरून सांगितलं की तुमच्या पोरींना आवरा. त्यांनी तिघींना माझ्यासमोर एकेक धपाटा घातला. धाकटी छकुली इतकी रडली की मलाच कसंतरी झालं.

१० डिसेंबर, बुधवार

उषाबाई कालपासून परत बाहेर. बरोबर चौथ्या मंगळवारी, कॅलेंडर बघून बसल्यासारख्या. पूर्वी कधी आठ दिवस मागे, कधी पुढे असायचं.

सकाळी शेण टाकायला गोठ्यामागे गेले. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड बायका आपली कापडं वाळत घालतात, तिथे काहीच नव्हतं. पहिल्या दिवसाचं राहू दे, आज दुसऱ्या दिवशीही नाही. कुठं धुते, कुठं वाळवते, देव जाणे. मी किळस येऊन लांबूनच परत आले.

२३ डिसेंबर, मंगळवार

पोटऱ्यांत गोळे येतात. दुपारी कापूस रचताना डावा पाय असा वळला की मी खालीच बसले. उषाबाई धावत आल्या, माझी टाच मुठीत धरली आणि पंजा माझ्याकडे रेटला. झटक्यात गोळा सुटला. "नर्सबाई म्हनल्या व्हत्या ना, बोटं वर वढायची," म्हणाल्या. मला सांगितलेलं मी विसरते आणि यांच्या बरोबर लक्षात राहतं.

नंतर दोघी टेकलो. त्या डाव्या कुशीवर झोपल्या. नर्सबाईंनी मला डाव्या कुशीवर झोपायला सांगितलंय, तर यांनीही तेच सुरू केलं. आता माझी नक्कल करायची एवढंच उरलंय. पण आज चांगल्या वागल्या, म्हणून काही बोलले नाही.

६ जानेवारी, मंगळवार

वर्ष बदललं. जुन्या वर्षाच्याच जानेवारीच्या पानावर लिहितेय, वार खोडून.

नर्सबाई आल्या तेव्हा उषाबाई बाहेर बसलेल्या, म्हणून समोर आल्या नाहीत. आत्याबाई नर्सबाईंना म्हणाल्या, "हिच्या पोटाचा आकार बघा, पोरगंच हाय." नर्सबाई म्हणाल्या, "पोरगं असो की पोरगी, रक्त आठच्या वर गेलं नाही. गोळ्या घेते का नीट?" मी घेते. पण डब्यात परत कमी आहेत. शंभरांपैकी सोळा माझ्या हिशोबाबाहेर गेल्या. पोरींचा हात आता डब्यापर्यंत पोचत नाही, मी तो फडताळावर ठेवलाय.

१५ जानेवारी, गुरुवार

चोर सापडला.

संक्रांतीचं वाण घेऊन शेजारून आले तर उषाबाई माझ्या खोलीतून बाहेर पडत होत्या. तीळगूळ द्यायला हात धरला, तर तळवा लाल. कुंकवाचा लाल नव्हे, गोळीवरच्या रंगाचा. घामानं तो हाताला लागतो, मला ठाऊक आहे. त्यांनी हात सोडवून घेतला. तीळगूळ मात्र खाल्ला.

विचार करकरून डोकं दुखलं. बाई माझ्या गोळ्या घेते आणि उकिरड्यावर फेकत असणार. का, ते समजायला फार शहाणपण लागत नाही. त्यांना तीन मुली आणि माझ्या पोटाचा आकार मुलाचा. मी अशक्त राहावं, माझ्या लेकराला काही व्हावं. माणूस इतका वाईट असू शकतो का? माझी टाच धरली होती तो हातही तोच.

१७ जानेवारी, शनिवार

आज आत्याबाईंना सांगून टाकलं. त्या सुपात ज्वारी पाखडत होत्या. मनाशी ठरवूनच गेले होते. तक्रार होईल ती होईल, शिवाय मी त्यांच्या बाजूची सून ठरेन.

गोळ्यांचं सांगितलं. त्या पाखडतच राहिल्या. मग चिंचेचं सांगितलं, दुपारी डाव्या कुशीवर झोपतात ते सांगितलं. पऱ्हाट्यांआड कापडं वाळत नाहीत हेही सांगितलं, म्हणजे बाई किती गबाळी आहे ते कळावं. तेव्हा सूप थांबलं.

"कवापासनं न्हाई दिसली कापडं?"

"डिसेंबरपासून तरी. आधीचं मी बघितलं नव्हतं."

आत्याबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली. "बरं केलंस बाई सांगितलं. तू शानी हायेस. सातवा सरायच्या आत धाडू तुला माहेरी, बिलकुल धाडू."

लग्नापासून इतकी खूश मी कधी झाले नव्हते. मालक आल्यावर त्यांना सांगितलं, तर म्हणाले, मोठ्यांच्या भानगडीत पडू नको. पडले म्हणून तर हो म्हणाल्या.

१९ जानेवारी, सोमवार

नवल आहे. तक्रार मी केली आणि लाड त्यांचे. आत्याबाईंनी आज स्वतः पाणी तापवून उषाबाईंना न्हाऊ घातलं. "लई दिस झाले, पाठ चोळून देते," म्हणून न्हाणीत घेऊन गेल्या. उषाबाई नको नको म्हणत होत्या. बराच वेळ आत पाण्याचा आवाज नाही, बोलणं नाही. बाहेर आल्या तेव्हा उषाबाईंनी ओलं लुगडं तसंच गुंडाळलं होतं आणि कुणाकडे बघितलं नाही.

संध्याकाळी भासरे कचरूकडे जाऊन आले. परवा जीप सांगितली आहे, जालन्याला.

२० जानेवारी, मंगळवार

हातपंपावर उषाबाईंनी मला गाठलं. दोघीच होतो. हंडा भरत होता.

"तूच सांगितलं ना," म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

मी म्हटलं, माझ्या गोळ्या तुम्ही फेकता, मी का सांगू नये?

"फेकल्या न्हाईत. खाल्ल्या. चौथा सरत आला मला. पोटातलीला नको का रक्त? नर्सबाईपुढं बसले असते तर घरात कळलं असतं. म्हनून बाहेर बसून राह्यले महिन्याच्या महिन्याला, कायबी नसताना. मागच्या बारीला तिथला डॉक्टर म्हनला व्हता, पाचवा लागला की आणू नका, मी हात लावणार न्हाई. तेवढे दिस काढायचे व्हते. दोन हप्ते राह्यले व्हते फक्त."

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं.

"माहीत करून घ्यायचं न्हवतं तुला."

हंडा वाहू लागला तसा त्यांनी उचलला आणि निघाल्या. घरी येऊन मी या डायरीची मागची पानं वाचली. सगळं मीच लिहून ठेवलंय. चिंच, भाकरी, कूस, मंगळवार. माझ्याच अक्षरात, तारखांसकट. बारावी झालेली मी. लाज वाटते म्हणणं फार थोडं आहे. मला स्वतःच्या अंगाची घाण येतेय.

संध्याकाळी उषाबाईंना म्हटलं, पळून जा माहेरी. त्या म्हणाल्या, तीन पोरी घेऊन? भाऊ दुसऱ्याच दिवशी आणून घालील. त्यांचं म्हणणं खरं आहे. मी तरी कुठे जाणार होते?

२१ जानेवारी, बुधवार

जीप सकाळी अंगणात लागली. पुढे भासरे, मागे आत्याबाई आणि त्यांच्या शेजारी उषाबाई, पदर घट्ट ओढून. छकुली ओट्यावर उभी, तिला वाटत होतं आई बाजाराला चाललीय.

मी चुलीजवळ होते. काय करावं ते ठरवलं नव्हतं. कचरूनं गाडी सुरू केली तसा मी हातातला तवा टाकला आणि पोट धरून उंबऱ्यात बसले. ओरडले. आधी खोटं ओरडले, मग रडू आलं ते खरंच आलं. आत्याबाई जीपमधून उडी मारल्यासारख्या उतरल्या. माझ्या पोटात त्यांचा नातू आहे ना. गावात दुसरी गाडी नाही. मला त्याच जीपमध्ये घातलं आणि गाडी कुंभार पिंपळगावच्या सरकारी दवाखान्यात नेली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. काही नाही म्हणाल्या, वायू धरला असेल. नर्सबाई तिथेच होत्या, माझं रक्त काढायला आल्या. दाराबाहेरच्या बाकावर आत्याबाई आणि उषाबाई बसलेल्या दिसत होत्या. मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सिस्टर, आमच्या जाऊबाईंचंही रक्त बघा. त्यांना चौथा सरत आलाय, अजून नाव घातलेलं नाही."

दवाखान्यात बायकांची गर्दी होती. सगळ्या बाकाकडे बघायला लागल्या. नर्सबाईंनी आत्याबाईंना विचारलं, खरं का? आत्याबाईंनी तोंड फिरवलं. मग नर्सबाईंनी रजिस्टर उघडलं आणि नाव घातलं. उषाबाई बद्रीनाथ, वय अठ्ठावीस, चौथा महिना. उषाबाईंचं रक्त सात निघालं. "तीन तारखेला येते, दोघींना बघते," नर्सबाई म्हणाल्या.

जालना राहिलं. परतीच्या वाटेवर खड्ड्यांत माझं पोट खरंच दुखायला लागलं, पण सांगणार कुणाला.

२५ जानेवारी, रविवार

आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीत. भाकरी मागताना छकुलीला मध्ये घालतात. मालक काल आले, सगळं ऐकलं, आणि म्हणाले, "नाटक कशाला केलंस?" मी म्हटलं, नसतं केलं तर? ते म्हणाले, त्यांचं ते दादा आणि वहिनी बघून घेतील. मग रेडिओ लावला. या माणसाबरोबर मला जन्म काढायचा आहे.

आता गोळ्या दोघी एकाच डब्यातून घेतो, जेवण झाल्यावर, समोरासमोर बसून. उषाबाईंनी मला माफ केलेलं नाही, करायलाही नको. त्यांना विचारलं, आता तरी नाव घातलंय ना? तर म्हणाल्या, "नावाचं काय. पडलं म्हनायचं, झालं. मागच्या बारीला काय म्हनले? घरात कोनी बोलणारं नसलं की पडतंच." भासरे येता जाता त्यांच्याकडे बघतात, पण मी कायम आसपास असते. पाणी आणायला त्या निघाल्या की मी निघते. मला आठवत नाही मी कधी इतका वेळ कुणाला चिकटून राहिले असेन.

२७ जानेवारी, मंगळवार

आत्याबाई आज गोड बोलल्या. "झालं गेलं. तुझ्या भावाला सांगावा धाडलाय, उद्या येईल न्यायला. तुझा सातवा सरून राह्यला, जल्दी जायला पायजे." स्वतःच्या हातानं माझी दोन लुगडी घडी करून पिशवीत घातली.

किती आनंद झाला काय सांगू. ओट्यावर जाऊन बसले, आईच्या अंगणातली बाज डोळ्यांपुढे आली. तिथे चार वेळा थोडं थोडं वाढतील, कुणी ताटाकडे बघणार नाही. तेवढ्यात छकुली आली, मांडीला टेकून म्हणाली, "काकी, शुक्रवारी आई जीपमदी बसनार हाय. आज्जी म्हनली मला घेवर आननार."

शुक्रवारी तीस तारीख. तीन तारखेच्या आधी.

मी पिशवीकडे बघत बसले. उषाबाई चूल सारवत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, हात थांबला नव्हता. "जाय तू," म्हणाल्या. "पहिलटकरीण हायेस, रक्त न्हाई अंगात. आईजवळ जाय." त्या मनापासून म्हणत होत्या, म्हणून मला जास्तच राग आला.

२८ जानेवारी, बुधवार

रामकिसनदादा अकराच्या सुमाराला आला. पहाटेच निघालेला, दोन एसट्या बदलून मग कुंभार पिंपळगावहून जीप करून आणली होती. आईनं उशी दिलेली, गाडीत माझ्या कमरेमागे घालायला. नव्या कापडाची, आतला कापूस घरचा.

आत्याबाईंनी चहा ठेवला, साखर जास्त घालायला लावली. दादा म्हणाला, चल आवर.

मी म्हटलं, मी येत नाही.

त्याला आधी चेष्टा वाटली. मग त्यानं आत्याबाईंकडे बघितलं, तर त्याच म्हणाल्या, "आमी कुटं अडवलंय? पिशवी भरून ठेवलीय बघा. जाय की गं." त्या समोरच बसल्या होत्या, भासरे दारात. खरं सांगायला दादा एक क्षणही एकटा मिळाला नाही. आणि मिळाला असता तरी काय, तो भासऱ्यांशी भांडला असता, मला ओढत नेलं असतं आणि शुक्रवार शुक्रवारच राहिला असता.

"नंदे, आठवडाभरात आठवा लागतो. मग नेता येणार नाही. आई दारात बसून आहे."

मी म्हटलं, माहीत आहे.

"रागावलीस का कुणावर? आमचं काही चुकलं का?"

नाही म्हटलं. तीन तारखेला नर्सबाई येणार आहेत, त्यांनी प्रवास करू नको म्हणून सांगितलंय, असं काहीतरी बोलले. त्याला ते पटलं नाही, मी लहानपणापासून खोटं नीट बोलू शकत नाही. त्यानं माझ्या अंगावरची नवी साडी बघितली, भिंतीवरचं मोठं घड्याळ बघितलं, आणि त्याच्या मनात काय आलं ते मला लख्ख दिसलं. बहीण मोठ्या घरची झाली.

"आईला काय सांगू?"

"सांग, मला इथं करमतं."

उषाबाई आत परातीत पीठ मळत होत्या. त्यांचा हात थांबला, मला ऐकू आलं. आत्याबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की आता पुढची वर्षं कशी जाणार ते मला कळलं. दादानं चहा अर्धाच ठेवला, टोपी घातली आणि बगलेत उशी मारून जीपकडे निघाला. मी त्याच्या मागे धावले आणि उशी तेवढी ओढून घेतली.